खटला हलतो, बिऱ्हाडाचं काय?

भारतातून बाईवरच्या अत्याचाराची मोठी बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: फाशी द्या. राग खरा असतो, मलाही येतो. पण त्या बाईने उद्या राहायचं कुठे, पोरांना कुठल्या शाळेत घालायचं, यावर तिथे कोणी बोललेलं मला आठवत नाही.

मी जर्मनीत, श्टुटगार्टला राहते. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने नेमका हाच प्रश्न आधी हाती घेतला. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने इराकमधल्या सिंजारवर हल्ला केला, तिथल्या यझिदी या अल्पसंख्याक धर्माच्या पुरुषांना मारलं आणि हजारो बायका-मुलींना गुलाम करून विकलं. त्यातून सुटलेल्या बायकांना भेटायला इथले डॉक्टर आणि अधिकारी उत्तर इराकमध्ये गेले. सुमारे ११०० बायका-मुलांना त्यांनी इथे आणलं. राहायला जागा, उपचार, भाषेचे वर्ग, वास्तव्याचा परवाना दिला.

नादिया मुराद त्यांच्यातल्याच. डिसेंबर २०१५ मध्ये त्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या, मग देशोदेशी बोलत राहिल्या. २०१८ मध्ये काँगोचे डॉ. डेनिस मुकवेगे यांच्याबरोबर त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्या धैर्याचं कौतुक आपल्याकडेही झालं. पण बाईने आपलं दुःख जगभर फिरून सांगावं तेव्हा कुठे जग हलणार, याची चीड यायला हवी. २०२२ मध्ये असे जबाब घेणाऱ्यांसाठी त्यांच्या नावाने एक संहिता आली, तिचा रोख इथेच आहे: जबाब घेण्याआधी तो खरंच लागणार आहे का ते पाहा, आधी घेतलेला असेल तर पुन्हा उकरू नका, आणि ‘नाही’ म्हणायचा तिचा हक्क माना.

आमच्या जर्मनच्या वर्गात सिंजारची एक बाई होती. तोंडी सरावाचा विषय आला ‘माझं कुटुंब’. ती वहीत बघत गप्प बसली. शिकवणाऱ्या बाईंनी काही न विचारता तिला दुसरं कार्ड दिलं, ‘नादुरुस्त वॉशिंग मशीनची तक्रार’. त्यावर ती भडाभडा बोलली. मला ते फार मोलाचं वाटलं.

जर्मनीचे गोडवे मी गाणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या संसदेने यझिदींवरच्या अत्याचारांना वंशसंहार म्हटलं, आणि त्यानंतरही यझिदी कुटुंबांना इराकला परत धाडलं गेलं. याला माझ्याकडे क्षमा नाही.

आता आपलं. २००२ च्या गुजरात दंगलीत बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, डोळ्यांदेखत त्यांची लहान मुलगी मारली गेली. धमक्या येत होत्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला मुंबईला हलवला. २००८ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली. महाराष्ट्राने याचा अभिमान जरूर बाळगावा. पण खटला न्यायालयाने हलवला, बिऱ्हाड मात्र बिल्किस यांनी स्वतः हलवलं, पुन्हा पुन्हा. ५० लाख रुपये, नोकरी आणि घर द्या, हा आदेश आला २०१९ मध्ये, घटनेला १७ वर्षं झाल्यावर. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी ते ११ जण सुटले, बाहेर त्यांना हार घातले गेले. ती सुटका रद्द करून घ्यायलाही बिल्किस यांनाच कोर्टाची पायरी चढावी लागली. निकाल लागला जानेवारी २०२४ मध्ये.

आपल्याला हे जमतच नाही असं नाही. मणिपूरमधल्या हिंसाचाराचे खटले ऑगस्ट २०२३ मध्ये आसामात गुवाहाटीला गेले, तेव्हा पीडितांना मणिपूरमधूनच ऑनलाइन जबाब देण्याची सोय न्यायालयाने केली. बाईला वणवण करायला न लावता न्यायालय तिच्यापर्यंत गेलं. तसंच घराचंही करा. सुरक्षेसाठी खटला दुसऱ्या राज्यात नेण्याचा आदेश निघेल, त्याच आदेशात तिची राहण्याची जागा, मुलांची शाळा, उपचार आणि महिन्याचा खर्च लिहिलेला असावा, आणि कोणत्या सरकारने तो द्यायचा तेही.