समीर दिघेंच्या नाबाद 22 रन्स

2001 च्या ऑस्ट्रेलिया सिरीजचा विषय निघाला की सगळे कोलकाता घेऊन बसतात, लक्ष्मणचे 281, द्रविडचे 180, हरभजनची हॅटट्रिक. बरोबरच आहे, पण कोलकात्याने सिरीज फक्त 1-1 झाली होती हो. जिंकली ती चेन्नईत, आणि तिथे शेवटपर्यंत उभा राहिलेला माणूस म्हणजे आपल्या मुंबईचा समीर दिघे. त्याचं नाव कोणी घेत नाही याचा मला मनापासून राग येतो.

नेहमीचा विकेटकीपर नयन मोंगिया नव्हता म्हणून 32 व्या वर्षी दिघेंना पहिली टेस्ट मिळाली. त्याआधी किती वर्षं मुंबईसाठी रणजी खेळत होते, ग्लोव्ह्ज घालून दिवसदिवस उकिडवं बसायचं आणि वर सहा-सात नंबरला येऊन रन्सही करायच्या. आणि पहिलीच टेस्ट कुठे, तर चेन्नईच्या चेपॉक मैदानावर, हरभजनचा बॉल हातभर वळतोय आणि समोर कोलकात्यापर्यंत 16 टेस्ट सलग जिंकत आलेली स्टीव्ह वॉची टीम. हरभजनने त्या मॅचमध्ये 15 विकेट्स काढल्या, त्या सगळ्यांना आठवतात, पण तशा पिचवर त्याच्यामागे कीपिंग कोण करत होतं हे विचारा बरं कोणाला.

मग शेवटचा दिवस. टार्गेट फक्त 155, आणि 2 बाद 101 वरून धडाधड विकेट्स गेल्या. सचिन गेला, गांगुली गेला, द्रविड गेला, दिघे आले तेव्हा 5 बाद 122. मग 135 वर लक्ष्मण गेला आणि त्याच स्कोअरवर साईराज बहुतुले पण गेला (त्याचीही ती पहिलीच टेस्ट, तोही मुंबईचाच). आता 20 हव्यात, साथीला झहीर, मागे फक्त हरभजन नि नीलेश कुलकर्णी, आणि समोर मॅकग्रा, गिलेस्पी, मिलर, वॉर्न. मुंबईचा खडूसपणा म्हणतात तो तिथे दिसला, कारण दिघेंनी हाणामारी केलीच नाही, सुटा बॉल मिळाला तर घेतला नाहीतर सरळ बॅटने अडवला, आणि एकेक-दोन-दोन करत स्कोअर 151 पर्यंत नेला. तिथे झहीर आउट. मग हरभजनने मॅकग्राला पॉइंटकडे ढकलून दोन पळून काढल्या आणि मॅच खिशात. दिघे नाबाद 22!

मार्चमध्ये सुरू झालेलं टेस्ट करिअर सप्टेंबरच्या सुरुवातीला श्रीलंकेत संपलं. 6 टेस्ट. एकही हाफ सेंचुरी नाही, हे मान्य, आकडे साधेच आहेत. पण त्याच जुलैमध्ये हरारेला वेस्ट इंडीजविरुद्ध वनडे फायनलमध्ये त्यांनी नाबाद 94 मारल्या होत्या, आपण फक्त 16 रन्सनी हरलो. त्या दोन-अडीच वर्षांत प्रसाद, सबा करीम, दहिया, दिघे, दासगुप्ता, रात्रा, पार्थिव एवढे कीपर बदलले, मग कोणाला सेट व्हायला वेळ मिळणार? बॅट्समनला पाच-सहा फेल्युअर माफ आणि कीपरचा एक कॅच सुटला की पुढचा माणूस तयार, हे मला कधीच पटलं नाही.

2017 मध्ये दिघे मुंबईचे कोच झाले, मुंबईची 500 वी रणजी मॅच त्यांच्याच कोचिंगखाली झाली. त्या टीमचा कॅप्टन आदित्य तरे, तोही कीपर-बॅट्समनच, आणि त्याला तर इंडियाकडून एक मॅचसुद्धा मिळाली नाही.