पेढे कधी?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी परवा लिफ्टमध्ये विचारलं, "पेढे कधी?" बातमी आमच्याच घरातून फुटली होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बातमी तरी केवढी? लंडनच्या एका साहित्यिक एजंटने, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्या मधल्या माणसाने, माझ्या इंग्रजी कादंबरीचं अख्खं हस्तलिखित मागवलं. आधी पानभर पत्र, सारांश आणि पहिली ३ प्रकरणं गेली होती. अख्खं मागवणं म्हणजे मुलाकडच्यांनी पत्रिका ठेवून घेतली, इतकंच. अजून कांदेपोहेसुद्धा नाहीत.

"एजंट किती घेतो गं?"

"१५ टक्के. परदेशी हक्क विकले तर साधारण २०."

"पंधरा! अगं, आपल्या फ्लॅटला २ टक्क्यांत माणूस मिळाला. आगाऊ किती दिलेस?"

"काहीच नाही काका. पुस्तक विकलं गेलं तरच त्यातून त्याचा वाटा कापतात. नुसतं वाचायचे पैसे मागणारा फसवा समजायचा."

माझा मजला आला. काकांनी बटण दाबून दार बंद केलं. "टोकन न घेणारा माणूस काम करत नाही. लिहून ठेव."

लिहून त्यांनीच ठेवलं. संध्याकाळी फेसबुकवर, मला टॅग करून: 'लंडनहून पुस्तक प्रकाशित!'

माझं पत्र अजून ९ एजंटांकडे पडलंय. त्यातल्या कुणी नाव टाकून शोधलं आणि 'प्रकाशित' दिसलं की कारभार आटोपला. छापून झालेल्या पुस्तकाला ते सहसा हात लावत नाहीत. म्हणून तर या धंद्यात तोंड शिवून बसायचं. नकार मोजून दाखवायचे नाहीत: २७ जणांनी नाकारलेलं अठ्ठाविसावा कशाला उघडेल? हस्तलिखित कुणाकडे आहे तेही सांगायचं नाही. एकाने होकार दिला तर बाकीच्यांना मेलने कळवायचं, दोनेक आठवड्यांची मुदत द्यायची. पुढे तो संपादकांकडे पुस्तक फिरवतो तेव्हाही गप्प. करारावर सह्या होऊन प्रकाशक जाहीर करायला हरकत नाही म्हणेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आईला तर नाहीच नाही.

आणि हे सगळं सोवळं लेखकानेच पाळायचं. बरेच एजंट मात्र 'अमुक आठवड्यांत उत्तर न आल्यास नकार समजावा' एवढं लिहून मोकळे. मराठीत निदान मधला माणूस सहसा नसतो. हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जातं, शांतताही थेट तिथूनच येते.

काकांना फोन केला. पोस्ट काढा म्हटलं. "काढायची कशाला? सुधारतो की," म्हणाले आणि खरंच सुधारली:

'दुरुस्ती: पुस्तक अद्याप कोणीही घेतलेले नाही. तरीही अभिनंदन.'

आधी १४ लाइक होते, आता ६१ आहेत. टॅग तसाच आहे.