‘घरबसल्या भाषाशास्त्र’: एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक महोदय,

(‘लिहितोय’ असं क्रियापद वापरलंत, त्यावरून महोदय धरून चालतो.)

‘म्हणणे’पासून निघालेला ‘म्हणून’ नुसतं कारण जोडणारा शब्द कसा झाला, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चार आक्षेप घेतलेत. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं ‘व्याकरणीकरण’ (साध्या शब्दाचा मूळ अर्थ झिजून तो व्याकरणाच्या कामाला लागणं) ही संज्ञा १९१२ साली वापरली आणि मी १९२१ लिहिलं. चूक माझीच, आकडे उलटे पडले. दुरुस्त केलंय, आभार. संस्कृतात ‘इति’ हा शब्द ‘म्हणून’चंच काम करत होता हे मी ‘सोयीस्करपणे विसरलो’ म्हणता. विसरलो नाही, लेख तेवढा लांबवायचा नव्हता. ‘फ्रेंच पंडितांचा मराठीशी काय संबंध’ याला काय उत्तर देणार? मेयेच्याच शिष्यानं, झ्यूल ब्लॉकनं, मराठीच्या जडणघडणीवर अख्खा ग्रंथ लिहिला, १९२० साली. असो.

राहतं ते हे वाक्य: “म्हणून हे म्हणणेपासून आलं हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यासाठी घरबसल्या भाषाशास्त्र कशाला?”

मतभेद असावेत, माझी ना नाही. पण ही बोलायची रीत झाली का? इतकी वर्षं लिहितोय. लोकांनी चुका दाखवल्या, मी सुधारल्या. शेंबूड कुणी काढला नव्हता.

बरं, कळतं ना? मग सांगा. ‘असं म्हणून तो उठला’, इथे कुणीतरी काहीतरी म्हणालंय. ‘रामा म्हणून एक गडी होता’, इथे निदान लोक त्याला रामा म्हणतात. आणि ‘पाऊस होता म्हणून गेलो नाही’? इथे कोण म्हणालं, पाऊस? बोलणं आटून गेलं आणि नुसतं कारण उरलं. गंमत अशी की हे तिन्ही ‘म्हणून’ आजही एकाच घरात नांदतात. थोरला अजून हयात आहे, त्यामुळे धाकट्यानं धंदा बदलल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. मी लेखभर सांगत होतो ते हे.

बंगालीतलं ‘बोले’, नेपाळीतलं ‘भनेर’, तेलुगूतलं ‘अनि’, हैदराबादच्या दख्खनीतलं ‘बोलके’ ही सगळी बोलण्या-म्हणण्याचीच रूपं. शेजाऱ्यांनी एकमेकांचं उचललं म्हणाल, तर घाना-टोगोतल्या एवे भाषेतलं ‘बे’ कुणी नेऊन दिलं? मुळात तेही ‘म्हणणे’च, आणि आता आपल्या ‘की’सारखं दोन वाक्यं जोडत बसलंय.

आता ‘घरबसल्या’बद्दल. माझं बालपण निपाणीकडचं. घरात मराठी, गल्लीत कन्नड. शेजारचे ‘बर्तीनि अंत हेळिद’ म्हणत, आमच्यात ‘येतो म्हणून सांगितलं’. शब्दाला शब्द लावून बघा. त्या ‘अंत’च्या पोटातही म्हणणंच आहे. आजी तर ‘पाऊस येतो म्हणून वाटतंय’ म्हणायची, आभाळानं तिच्या कानात सांगितल्यासारखं. पुण्याला शिकायला आलो आणि वसतिगृहात एकदा ‘ते येतो म्हणून म्हणाले’ असं बोलून गेलो. पुढे आठवडाभर पोरं नक्कल करत होती. शेवटी मी मुकाट ‘की’ लावायला शिकलो. गावची एसटी पकडली की मात्र निपाणी यायच्या आत ‘म्हणून’ परत जिभेवर. तेव्हा घरबसल्या म्हणालात ते अगदी खरं आहे. हे मी घरातच बसून शिकलो. तुम्ही कुठे बसून शिकलात, कल्पना नाही.

(फ्रेंचचं सांगतोच, तुम्ही डिवचलंतच आहे. ‘पा’ म्हणजे पाऊल. ‘पाऊलभरही चालत नाही’ असं ठासून सांगता सांगता ते नकाराला जे चिकटलं, ते चिकटलंच. आज बोलताना मूळचा नकार गळतो आणि नुसतं पाऊल ‘नाही’ म्हणतं. आपलं ‘तसूभर’ अजून तिथवर पोचलेलं नाही.)

तुमची प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, राहू दे. फक्त तिचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा: “राहवलं नाही म्हणून लिहितोय.” यात कोण काय म्हणालं, तेवढं त्या शेंबड्या पोराला विचारून कळवा.