"प्लास्टिक काढायचं विसरलास की!"

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्या बेळगावात, टिळकवाडीत एक बारकं व्हिएतनामी हॉटेल उघडलंय. सहा टेबलं, चालवणारा पोरगा खानापूरकडचा, गोव्यात हॉटेलांत राबून आलेला. मुलगी मागे लागली म्हणून गेलो. शेजारच्या टेबलावर आपलीच मंडळी, सात-आठ जण. त्यांच्यापुढं तांदळाच्या पातळ कागदात गुंडाळलेले रोल आले, आतली कोळंबी आणि पुदिना बाहेरून दिसणारे. एकानं रोल उचलला, उजेडात धरला आणि अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, प्लास्टिक काढायचं विसरलास की!" सगळे खिदळले. पोरगाही हसला बिचारा. गिऱ्हाईक ना.

मला १९९४ आठवलं. पुण्यात हॉस्टेलला जाताना आईनं मांडे दिले होते. हातावर ताणून खापरावर भाजलेले, आत साखर-खसखस. डबा उघडला तर रूममेट म्हणाला, "तुमच्याकडे पेपर खातात का रे?" वर माझ्या "काय करायलास"ची नक्कल. मीही हसलो होतो. अगदी त्या पोरासारखा.

मग आमचा फो आला. लिहितात फो, म्हणायचं फऽ, असं पोरानं शिकवलं. तांदळाच्या शेवया, चिकन, वर कोथिंबीर, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू. पाणी नितळ, पण चक्रीफूल, दालचिनी, भाजलेलं आलं-कांदा यांचा वास असा की मुलगी दोन मिनिटं बोललीच नाही. शेजारी मात्र, "तिखट नाही, मीठ नाही, शेजवान चटणी आण!" अरे बाबांनो, रविवारी मटण शिजताना रश्श्याआधी वाटीभर अळणी मागून पिणारे आपण! तेव्हा कुठं लागतं तिखट?

२४० रुपये वाटी म्हणजे महाग, मान्य. त्या माशाच्या सॉसचा वासही पहिल्यांदा नाकात बसतो. पण आपण सुकट भाजताना शेजारणीनं धाडकन खिडकी लावली तर कसं वाटतं?

१ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, सीमाभाग तिकडं गेल्याचा निषेध म्हणून काळ्या फिती लावून फेरीत चालणारे आपण. आपल्या भाषेला कुणी नाक मुरडलं की पेटून उठतो, उठायलाच पाहिजे. आणि आपलाच पोरगा कुठलंतरी लांबचं जेवण शिकून येतो, तर त्याला प्लास्टिकवाला करून टाकायचं? उठून चार शब्द सुनवावे असं वाटलं. उठलो नाही. मुलगी "बाबा, नको" म्हणाली आणि मी लगेच ऐकलं. एरवी ऐकतो होय तिचं?

खरं सांगू, राग त्या माणसावर कमीच आहे. त्या पेपरच्या डब्यानंतर पुढच्या सुट्टीत आई पुन्हा मांडे भरायला लागली, तेव्हा मी म्हणालो, "नको गं, प्रवासात मोडतात." तिनं एक एक करून डब्यातनं काढून ठेवले. काही बोलली नाही. त्यानंतर पुण्याला कायम कुंदाच यायचा, आपली दुधाची मिठाई. कुंद्याला कोण हसतंय?

निघताना त्या पोराला विचारलं, हे कागद करतात कसे. म्हणाला, उकळत्या भांड्यावर फडकं ताणून बांधायचं, त्यावर तांदळाचं पीठ पातळ पसरून वाफवायचं, बांबूच्या काडीनं अलगद उचलून उन्हात वाळवायचं. "पण काका, मी पाकीटच आणतो. एवढं कुठलं जमायला?"

दोन रोल आईसाठी बांधून आणले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिनंही रोल उचलून ट्यूबलाइटकडं धरला. माझ्या पोटात गोळा आला.

"गव्हाचं न्हवं हे," ती म्हणाली. "तांदूळ एवढा पातळ करायचा म्हणजे हात बसलेला पाहिजे बघ. कोण करतंय?"

"खानापूरचा पोरगा."

"चांगला हात आहे पोराचा."

पाकिटाचं मी तिला सांगितलं नाही.