मणक्याच्या हाडात हवा दिसली म्हणजे हाड सडलंच असं नसतं

‘सीटी स्कॅनमध्ये मणक्याच्या हाडात हवा दिसली, तर हाड आतून सडतंय किंवा कॅन्सर पोखरतोय असं समजा. पोटातला गॅस हाडात शिरतो, पाठदुखी त्यानेच होते. ताबडतोब बायॉप्सी करा, नाहीतर मणका खचेल.’ या आशयाचा मजकूर बराच फिरतोय. तीन वाक्यांत इतकी घबराट कोंबणं सोपं नाही, हे मान्य. पण दिवसभर स्कॅन वाचणाऱ्या माणसाला यातली तिन्ही खटकतात.

आधी सडण्याचं आणि कॅन्सरचं बघू, कारण लोकांची झोप उडते ती तिथे. हाडातल्या या हवेच्या पोकळीला न्यूमॅटोसिस्ट म्हणतात. आकार बहुधा काही मिलिमीटर, गोल किंवा लांबट, आणि भोवती पातळ पांढरी कड. ही कड म्हणजे हाडाने सवडीने बांधलेलं कुंपण. हाड खाणारा आजार सहसा इतकी नीटस कड ठेवत नाही. तो बाहेरचं कवच फोडतो, शेजारच्या मऊ भागात गाठ करतो. शिवाय सीटीत प्रत्येक ठिकाणाची घनता आकड्यात मोजता येते. हाउन्सफिल्डच्या मापात पाणी 0, चरबी साधारण उणे 100, हवा उणे 1000. त्या काळ्या ठिपक्यावर स्क्रीनवर छोटं वर्तुळ ठेवलं की आकडा येतो उणे 600, उणे 800 असा. पोकळी फारच लहान असेल, तर कडेचं हाडही त्या मोजणीत मिसळतं आणि आकडा थोडा वर सरकतो. पण गाठ म्हणजे पेशी, आणि पेशी उणे 700 दाखवत नाहीत.

मग भीती येते कुठून? बऱ्याचदा एमआरआयमधून. हवा एमआरआयच्या टी-1 आणि टी-2 दोन्ही चित्रांत काळी दिसते. प्रोस्टेटच्या कॅन्सरची हाडात पसरलेली घट्ट गाठही तशीच काळी दिसू शकते. आधी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या एमआरआयत असा ठिपका सापडला, की घर हादरतं. वाद मिटवायला त्या जागेचे सीटीचे पातळ काप पुरतात: तिथे घट्ट गाठ पांढरी, हवा काळी. सीटी बघताना विंडो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांची मांडणी, मात्र बदलून बघावी लागते. मऊ भागाच्या विंडोत चरबी आणि हवा दोन्ही काळपट दिसून डोळा फसतो.

पोटातल्या गॅसचं फार बोलायला नको. आतड्यातून मणक्यात जायला अशी वाटच नाही. न्यूमॅटोसिस्ट बहुतेकदा झिजलेल्या सांध्याच्या किंवा दोन मणक्यांमधल्या चकतीच्या शेजारी, मानेच्या मणक्यांत किंवा माकडहाडाच्या वर, कंबरेच्या सांध्यालगत सापडतो. झिजलेल्या चकतीत ताण पडून दाब उतरला, की भोवतीच्या द्रवात विरघळलेला वायू बाहेर येऊन साठतो. बोटं मोडताना सांध्यात क्षणभर फुगा होतो तोही दाब उतरल्यामुळेच. चकतीतली ही हवा नुटसन या क्ष-किरणतज्ज्ञाने 1942 सालीच नोंदवून ठेवली आहे. तिच्यात मुख्यतः नायट्रोजन असतो. ती बारीक चिरेतून हाडात शिरते की हाडातल्या जुन्या पोकळीत मागाहून भरते, यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे. काही स्कॅनमध्ये सांध्यापासून पोकळीपर्यंतची चीर सरळ दिसतेही.

पाठदुखीचं गणित उलटं मांडलंय. पाठ दुखते म्हणून स्कॅन होतो, स्कॅनमध्ये ठिपका दिसतो, आणि ठिपका आरोपी ठरतो. हाच ठिपका मुतखड्यासाठी काढलेल्या सीटीतही सापडतो, पाठीची तक्रार नसलेल्या माणसात. दुखणं असलंच, तर संशय आधी शेजारच्या झिजलेल्या सांध्यावर घ्यावा.

आणि बायॉप्सी! मानेच्या मणक्यात सुई घालायची म्हणजे मज्जारज्जू आणि मेंदूकडे जाणारी धमनी अगदी लगत. एवढं करून पोकळीतून काढणार काय? पुढच्या स्कॅनमध्ये आकार थोडा बदलला किंवा हवेच्या जागी द्रव दिसला, तरी दचकू नये. या पोकळ्या अशा बदलतात.

आता मजकुराच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, जी त्याने स्वतः सांगितलीच नाही. हाडातली सगळीच हवा निरुपद्रवी नसते. वायू तयार करणाऱ्या जंतूंचा हाडाचा संसर्ग दुर्मीळ, पण जीवघेणा. त्यात हवा एका नीट पोकळीत नसते, वेड्यावाकड्या बारीक बुडबुड्यांचा पुंजका असतो, आणि माणूस आजारी असतो: ताप, थंडी, रक्तात वाढलेला सीआरपी (शरीरातली दाह-सूज दाखवणारी तपासणी), अनेकदा मधुमेह. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुसरी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. ठिसूळ हाडाचा मणका दबला आणि जुळलाच नाही, तर त्या दबलेल्या मणक्यात हवेची आडवी फट दिसते. उभं राहिलं की कळ, आडवं झालं की आराम. त्याला क्युमेलचा आजार म्हणतात आणि त्यावर उपचार लागतात. मणक्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर हवेचा अर्थ आणखी वेगळा, ते ऑपरेशन करणाऱ्यालाच विचारावं.

रिपोर्ट हातात असेल तर डॉक्टरांना विचारायचं एवढंच: कड नीट आहे का, बाहेरचं कवच शाबूत आहे का, मणक्याची उंची कायम आहे का, बाजूला गाठ किंवा पू दिसतोय का. उत्तरं ठीक आली आणि ताप वगैरे काही नसेल, तर नुसत्या या ठिपक्यासाठी पुन्हा सीटी काढायचीही गरज नसते.