खुलासा: राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप बंद झालेली नाही

मुंबईतल्या पीएचडीधारकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'सर्ब बंद झालं, त्यामुळे एन-पीडीएफही गेली. शिवाय पदवी प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्जच करता येत नाही.' एन-पीडीएफ म्हणजे राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप, पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी मिळणारी आर्थिक मदत. ती गेली हेही चूक आणि प्रमाणपत्राविना अर्ज करता येत नाही हेही चूक.

सर्ब, म्हणजे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड, हे संशोधनाला निधी देणारं केंद्र सरकारचं मंडळ 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झालं. फेलोशिपची योजना मात्र फाउंडेशनकडे आली. 2025 मध्येही तिच्यासाठी अर्ज मागवले गेले. योजनेच्या नियमावलीत पात्रतेचं कलम वाचा: प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, फक्त पदवी मिळेपर्यंत रक्कम कमी मिळू शकते. वयोमर्यादा 35 असली तरी महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत आहे.

खरी धावपळ वेगळीच असते. पवईची आयआयटी, कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), फेलोशिपसाठी कुठेही जायचं असो, आधी मार्गदर्शक मिळवावा लागतो आणि त्या संस्थेचं सही-शिक्क्याचं संमतिपत्र अर्जासोबत जोडावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून प्राध्यापकांना आजच लिहा.

हा मेसेज वाचून कुणी अर्जच टाळला तर त्याची संधी नाहक हुकेल. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा जरूर पाठवा.