पोह्यांच्या गावात कीटो

कीटोवरचा, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ जास्त अशा आहारावरचा, तुमचा लेख आवडला, पण नवशिक्यांसाठी दिलेल्या पदार्थांच्या यादीत सगळं अव्होकाडो आणि सामन मासा! आमच्या इंदूरला सकाळ पोहे-जलेबीने उजाडते. साधारण ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांतच ३५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, आणि कीटोत दिवसभराची मुभा २० ते ५० ग्रॅम. म्हणजे एका प्लेटीत दिवस संपला.

मी चार महिने केलं, घरच्याच जिनसांवर. सकाळी तुपातली पनीर भुर्जी नाहीतर दोन अंडी. दुपारी फ्लॉवर किसून, मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी देऊन ‘भात’. झाकण ठेवू नका, पाणी सुटून गिचका होतो. बरोबर पालक-पनीर. रात्री गिलक्याची किंवा कोबीची भाजी, वरून ओलं खोबरं सढळ हाताने. दाण्याचा कूट मात्र चमच्याने मोजूनच.

खरी परीक्षा उपासाची. साबूदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, भगरही बाद. आईने एकादशीला ताट बघून विचारलं, “अरे, हा उपास आहे की आजारपण?” सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तर जाऊच नका. गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस, दोन्ही चालत नाहीत, आणि वास काही सोडत नाही.

लेखात एक राहिलं: पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, कारण शरीरातलं पाणी आणि मीठ कमी होतं. मीठ घातलेलं पातळ ताक घेतल्यावर मला बरं वाटलं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते.